तीन मिनिटांचे मौन : प्रवासी जहाजांवरील संभाषणाच्या रीतिभातीचा इतिहास

दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत ‘सागरी मोबाइल सेवा’ हा शब्दप्रयोग खिशात मावणाऱ्या मोबाइलच्या कितीतरी आधीपासून रूढ आहे. तेथे ‘मोबाइल’ म्हणजे हातातले यंत्र नव्हे, तर ते यंत्र घेऊन सतत जागा बदलणारे जहाज. आज क्रूझवर, म्हणजे एखाद्या बंदराला पोहोचण्यासाठी नव्हे तर जहाजावरच्या मुक्कामासाठीच केलेल्या सागरी सहलीवर, मोबाइल कोठे वापरावा, कोणाच्या शेजारी मोठ्याने बोलू नये, भोजनगृहात तो बंद ठेवावा की नाही, याविषयी जे वाद होतात ते अगदी अलीकडचे मानले जातात. ही समजूत अपुरी आहे. भर समुद्रातून किनाऱ्याशी कोणी बोलावे, केव्हा बोलावे, किती बोलावे आणि कोणासाठी गप्प बसावे, हा प्रश्न सव्वाशे वर्षांचा असून, बोलण्याची वाट अरुंद आणि ती मात्र सर्वांच्या मालकीची, या एकाच परिस्थितीतून त्याची बहुतेक उत्तरे निघालेली आहेत.

एकोणिसाव्या शतकात जहाजाने धक्का सोडला की त्याचा जगाशी संबंध तुटत असे. मुंबईहून निघालेल्या डाकेच्या आगबोटीतील प्रवाशाला एडनला उतरून तार करता येई, कारण १८७० पासून मुंबई, एडन आणि सुएझ ही ठिकाणे समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलने जोडली गेली होती. परंतु दोन बंदरांच्या मधले दिवस पूर्ण मुके असत. त्या काळातील जहाजावरच्या रीतिभाती, म्हणजे कप्तानाच्या मेजावर कोणी बसावे, डेकवर कोणाची ओळख कोणी करून द्यावी, या सर्व एका बंदिस्त जगाच्या रीती होत्या आणि त्यात दूर असलेल्या माणसाला जागाच नव्हती.

हा मुकेपणा मोडला तो गुल्येल्मो मार्कोनी याच्या बिनतारी तारायंत्राने, म्हणजे तारेविना विद्युतलहरींच्या साहाय्याने मोर्स लिपीतील ठिपके आणि रेघा पाठवणाऱ्या यंत्रणेने. नोव्हेंबर १८९९ मध्ये अमेरिकेहून इंग्लंडला परतत असताना ‘सेंट पॉल’ या जहाजावर मार्कोनीने वाइट बेटावरील आपल्या केंद्राकडून बातम्या मिळवल्या आणि त्या ‘ट्रान्सअटलांटिक टाइम्स’ नावाच्या छोट्या पत्रकात छापून प्रवाशांना विकण्यात आल्या. पुढच्याच वर्षी ‘कायझर विल्हेल्म डेर ग्रोस’ या जर्मन जहाजावर व्यापारी तत्त्वावर ही यंत्रणा बसली, आणि काही वर्षांत अटलांटिकवरील मोठ्या जहाजांना बिनतारी खोली असणे प्रतिष्ठेचे वाटू लागले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, कारण पुढचा सारा इतिहास तिच्यावर उभा आहे: या खोलीत बसणारा तारवाला बहुधा जहाज कंपनीचा नोकर नसे, तो मार्कोनी कंपनीचा माणूस असे, आणि प्रवाशांच्या खाजगी संदेशांवर मिळणारे पैसे हा त्या कंपनीच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा भाग होता.

‘टायटॅनिक’वर प्रवाशाला किनाऱ्यावर संदेश पाठवायचा असेल तर पहिल्या दहा शब्दांना साडेबारा शिलिंग आणि पुढच्या प्रत्येक शब्दाला नऊ पेन्स मोजावे लागत. संदेश चौकशी कचेरीत लिहून द्यायचा, तेथून तो हवेच्या दाबाने चालणाऱ्या नळीतून बिनतारी खोलीत जाई आणि तेथे जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड हे दोन तरुण तारवाले तो आळीपाळीने किनाऱ्याकडे पाठवत. यंत्र बिघडून मधले काही तास वाया गेल्यामुळे १४ एप्रिल १९१२ च्या रात्री फिलिप्ससमोर अशा संदेशांचा ढीग साचलेला होता आणि न्यूफाउंडलंडमधील केप रेसचे केंद्र टप्प्यात आल्याने तो ते भराभर पाठवत होता. त्याच वेळी जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजावरील सिरिल इव्हान्सने, आपले जहाज बर्फात अडकून थांबले आहे, अशी सूचना दिली. जवळच्या यंत्राचा जोरदार आवाज कानात घुसल्यामुळे फिलिप्सने त्याला, आपण केप रेसशी बोलण्यात गुंतलो आहोत, मध्ये बोलू नये, अशा अर्थाचे तोडून टाकणारे उत्तर दिले. इव्हान्सने थोडा वेळ वाट पाहिली, यंत्र बंद केले आणि तो झोपायला गेला. काही मिनिटांनी, ११ वाजून ४० मिनिटांनी ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळली आणि सुमारे दीड हजार माणसे मृत्युमुखी पडली.

या प्रसंगाकडे फिलिप्सचा उद्धटपणा म्हणून पाहण्याची पद्धत आहे, ती अन्यायाची आहे. त्या काळच्या तारवाल्यांत एकमेकांना अशा शब्दांत बाजूला करणे नित्याचे होते आणि फिलिप्सने जहाज बुडेपर्यंत मदतीची हाक देत आपली जागा सोडली नाही. दोष होता तो व्यवस्थेचा, कारण सुखरूप पोहोचत असल्याचे किंवा न्यूयॉर्कला कोणी घ्यायला यावे हे कळवणारी तार आणि समोर बर्फ असल्याची सूचना यांच्यात आधी कोणती, हे ठरवणारा सर्वमान्य नियम जहाजावर अस्तित्वात नव्हता, आणि पैसे मात्र पहिलीचेच मिळत होते. वाचलेल्यांना घेऊन निघालेल्या ‘कार्पेथिया’वर हा नियम संकटाच्या ओघात आपोआप तयार झाला: वाचलेल्यांची नावे आणि त्यांचे घरच्यांना संदेश आधी, आणि बातमीसाठी आसुसलेल्या वृत्तपत्रांच्या विचारणा बाजूला. समुद्रावरील संभाषणाच्या शिष्टाचाराचा आरंभ कोठे झाला असे विचारले तर या चार दिवसांकडे बोट दाखवावे लागेल.

त्यानंतरची पावले वेगाने पडली. जानेवारी १९१४ मध्ये लंडन येथे समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि मोठ्या प्रवासी जहाजांवर रात्रंदिवस बिनतारी पहारा ठेवण्याचे तत्त्व मान्य झाले. संदेशांची उतरंड ठरली: सर्वांत वर संकटाची हाक, तिच्याखाली तातडीचे संदेश, मग सुरक्षिततेच्या सूचना आणि या सर्वांनंतर प्रवाशांचे खाजगी बोलणे. परंतु या नियमांतला सर्वांत बोलका नियम होता मौनाचा. जहाजे मोर्सच्या हाकेसाठी ५०० किलोहर्ट्झ ही समाईक कंप्रता, म्हणजे लहरींच्या आंदोलनाचा ठरलेला वेग, वापरत असत आणि प्रत्येक तासात दोनदा, पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटापासून तीन तीन मिनिटे, त्या कंप्रतेवर साऱ्या जहाजांनी गप्प राहायचे असा दंडक पडला. बिनतारी खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर हे दोन पट्टे लाल रंगाने रंगवलेले असत. काटा लाल पट्ट्यात शिरला की तारवाला हात थांबवी आणि केवळ ऐके, कारण कोठेतरी एखादे दुबळे यंत्र, संपत आलेल्या विजेवर, मदत मागत असण्याची शक्यता असे. पुढे बोलण्याच्या बिनतारी यंत्रासाठी २१८२ किलोहर्ट्झ ही कंप्रता ठरली, तेव्हा तिच्यासाठी तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या ठोक्यापासून तीन मिनिटांचे वेगळे मौन आले आणि घड्याळावर हिरवे पट्टे रंगवले गेले. संदेश देण्यासाठी शोधलेल्या यंत्राचा पहिला सार्वत्रिक नियम ऐकण्याचा असावा, ही गोष्ट मानवी सुजाणपणाच्या इतिहासात मोलाची आहे आणि तिची जेवढी आठवण ठेवली जायला हवी होती तेवढी ठेवली गेलेली नाही.

या नियमांचा लाभ मात्र सर्व जहाजांना मिळाला नाही. कोकणच्या किनाऱ्याने चालणाऱ्या आगबोटींवर लाखो लोकांचे येणेजाणे अवलंबून होते, तरी अटलांटिकवरच्या जहाजांसाठी जे अनिवार्य झाले ते या लहान बोटींपर्यंत पोहोचले नव्हते. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही बोट काशाच्या खडकाजवळ सकाळीच वादळी लाटांत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. वाचलेल्यांपैकी काही पोहत आणि काही कोळ्यांच्या होड्यांतून किनाऱ्याला लागले, आणि मुंबई शहराला आपल्या दारातल्या या अपघाताची वार्ता दुपार उलटून गेल्यावर त्यांच्याच तोंडून कळली. ‘टायटॅनिक’ला पस्तीस वर्षे झाली होती.

मोठ्या जहाजांवर मात्र तारेऐवजी प्रत्यक्ष बोलण्याची सोय प्रवाशापर्यंत आली ती याच्या कितीतरी आधी, ८ डिसेंबर १९२९ रोजी, जेव्हा ‘लेव्हायथन’ या अमेरिकी जहाजावरून किनाऱ्याशी रेडिओ-टेलिफोनची व्यापारी सेवा सुरू झाली. ही सेवा महाग होती, वेळ आधी नोंदवून ठेवावी लागे, आणि तिच्यात एकांत फारसा नव्हता, कारण लहरी मोकळ्या हवेतून जात आणि योग्य यंत्र असलेल्या कोणालाही त्या ऐकता येत. तारवाल्यावर ऐकलेले गुप्त ठेवण्याचे बंधन असे. हे बंधन आंतरराष्ट्रीय नियमांतच घातलेले होते. प्रवाशांच्या मनावर याचा परिणाम असा झाला की जहाजावरून फोन करणे हे लग्न, मृत्यू किंवा मोठा व्यवहार अशा प्रसंगांपुरते उरले आणि बोलणे मोजके, तयारी करून केलेले असे.

या महागड्या मोजकेपणाला उपग्रहाने पहिला धक्का दिला. १९७६ मध्ये ‘मॅरिसॅट’ नावाचे उपग्रह जहाजांच्या सेवेत आले आणि त्यांच्यापाठोपाठ ‘इन्मारसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ पासून जहाजांसाठी उपग्रहसेवा चालवली. भारतात या सेवेचे भूस्थानक, म्हणजे उपग्रहामार्गे आलेले बोलणे जमिनीवरच्या टेलिफोन-जाळ्यात सोडणारे केंद्र, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वी येथे उभे राहिले, आणि हिंदी महासागरातील जहाजांचे बोलणे जुन्नर भागातल्या या माळरानावरून देशभर जाऊ लागले. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे आवाज जाऊन उत्तर परत येईपर्यंत अर्धा सेकंद लागे. दोघे एकदम बोलू लागत, दोघे एकदम थांबत, आणि म्हणून आपले वाक्य संपवून क्षणभर थांबण्याची एक नवी सवय जहाजावरच्या फोनने माणसांना लावली.

दरम्यानच्या काळात जहाजांचे प्रयोजनच बदलत गेले होते. १९५८ पासून जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागल्यावर प्रवासासाठी जहाजाची गरज उरली नाही आणि जहाज कंपन्यांनी प्रवासाऐवजी सुटी विकायला आरंभ केला. या सुटीचे एक मोठे आकर्षण असे होते की जहाजावर कचेरीचा फोन येत नाही. पूर्वी जो मुकेपणा समुद्रप्रवासाचा तोटा होता तोच आता विक्रीचा माल झाला. जहाजावरच्या जहाजावर मात्र संपर्क हवाच असे, कारण हजारो माणसांच्या त्या तरंगत्या वसाहतीत आपली मुले कोणत्या मजल्यावर आहेत हे कळायला मार्ग नव्हता; म्हणून अमेरिकी कुटुंबे बरोबर वॉकी-टॉकी आणत, आणि खोल्यांची दारे पोलादी असल्याने त्यांवर चुंबकाने चिकटणारी छोटी पाटी लावून तिच्यावर निरोप लिहून ठेवत. वॉकी-टॉकीचा खरखराट डेकवर सर्वांना ऐकू जाई, आणि यंत्राचा आवाज शेजाऱ्याच्या सुटीत घुसतो ही तक्रार खरे तर तेव्हापासूनची आहे.

मोबाइल जहाजावर आला तो २००४ च्या सुमारास. किनाऱ्यावरच्या मनोऱ्याचा टप्पा फार नसतो; जुन्या जीएसएम पद्धतीत तर तो तत्त्वतःच ३५ किलोमीटरला संपतो, कारण त्याहून दूरच्या फोनचे संकेत ठरलेल्या वेळेत मनोऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून जहाजाच्या आतच मोबाइलचे लहानसे केंद्र आणि मजल्यामजल्यावर अँटेना बसवून ते केंद्र उपग्रहामार्गे जमिनीशी जोडण्याची पद्धत निघाली. अशा जाळ्याला कोणत्याही देशाचा क्रमांक लागत नाही. भारतातली मोबाइल-जाळी ४०४ किंवा ४०५ या क्रमांकांनी ओळखली जातात, तर जहाजांवरच्या अशा जाळ्यांना ९०१ हा देशातीत सेवांसाठी राखलेला क्रमांक मिळतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की देशोदेशीच्या सवलती तेथे लागू होत नाहीत. युरोपीय संघाने जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांत फिरताना लागणारा जादा आकार काढून टाकला, परंतु जहाजावरच्या उपग्रहजोडीला ती सवलत नाही, आणि खिशात पडल्यापडल्या स्वतःहून त्या जाळ्याला चिकटलेल्या फोनांनी कित्येक कुटुंबांच्या हाती मोठाली बिले दिली. जहाजात पाऊल ठेवताच फोन ‘फ्लाइट मोड’वर टाकण्याची जी सूचना आज प्रत्येक क्रूझवर केली जाते, तिचा उगम सभ्यतेत नसून या बिलांत आहे.

त्यातही एक सीमा आखली गेली. मार्च २०१० च्या युरोपीय निर्णयानुसार किनाऱ्याच्या आधाररेषेपासून, म्हणजे ओहोटीच्या वेळी दिसणाऱ्या किनाऱ्यावरून आखलेल्या कायदेशीर रेषेपासून, दोन सागरी मैलांच्या आत जहाजाने आपले मोबाइल-केंद्र बंद ठेवायचे आणि दोन ते बारा मैलांच्या दरम्यान केवळ जहाजाच्या आतल्या अँटेना चालवायच्या, जेणेकरून किनाऱ्यावरच्या जाळ्यात व्यत्यय येऊ नये. लाल पट्ट्याच्या घड्याळाचे तत्त्वच येथे वेळेऐवजी अंतराच्या मापाने परत आले आहे.

इंटरनेटची कथा यापेक्षा वेगाने उलगडली. १९९९ मध्ये ‘नॉर्वेजियन स्काय’ या जहाजावर समुद्रावरच्या सर्वांत आरंभीच्या इंटरनेट-कॅफेपैकी एक उघडले, जेथे मिनिटांवर पैसे मोजून प्रवासी ओळीने बसत. २०१४ मध्ये ‘ओॲसिस ऑफ द सीज’वर सुमारे आठ हजार किलोमीटर उंचीवरच्या ‘ओथ्रीबी’ उपग्रहांची जोडणी आली आणि २०२२ पासून रॉयल कॅरिबियन कंपनीने आपल्या जहाजांवर, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या ‘स्टारलिंक’ उपग्रहांची सेवा घेतली. अंतर घटले तशी अर्ध्या सेकंदाची ती खोळंबणारी शांतताही संपली. प्रवाशाला डेकवर उभे राहून घरच्यांशी समोरासमोर बोलता येऊ लागले, आणि नेमक्या याच टप्प्यावर जुना शिष्टाचार निराधार झाला, कारण तो वाटेच्या अरुंदपणावर उभा होता. बोलणे महाग आणि दुर्मीळ होते तोवर कोणाला गप्प बसा असे सांगावे लागत नव्हते. आता वाट रुंद आहे आणि अरुंद राहिली आहे ती जागा: दोन आरामखुर्च्यांमधले अंतर, उद्वाहनाची खोली, नाट्यगृहातला अंधार. नाट्यप्रयोगाचे चित्रण करू नये, जुगाराच्या मेजावर फोन काढू नये, डेकवर मोठ्याने गाणी लावू नयेत, असे नियम निरनिराळ्या कंपन्यांनी केले आहेत. काहींनी स्वतःची उपग्रह-तबकडी आणायलाही मनाई केली आहे. परंतु ते विखुरलेले आणि कंपनीगणिक वेगळे आहेत, आणि हेडफोन न लावता केलेल्या व्हिडिओ-कॉलपुढे अजून कोणताही सर्वमान्य दंडक टिकलेला नाही.

तरीही फोन म्हणजे केवळ उपद्रव असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीतील जिल्यो बेटाजवळ ‘कोस्ता कॉन्कोर्दिया’ खडकावर आदळली तेव्हा जहाजावर ४,२२९ माणसे होती, आणि किनाऱ्यावरच्या यंत्रणेला पहिली खबर जहाजाच्या अधिकाऱ्यांकडून मिळाली नाही. एका प्रवासी स्त्रीने घरी केलेल्या फोनवरून तिच्या नातेवाइकांनी प्रातो येथील पोलिसांना कळवले. त्यानंतर तटरक्षकांनी विचारणा केली असता जहाजावरून, केवळ वीज गेली आहे, असे उत्तर देण्यात आले. त्या रात्री ३२ माणसे दगावली. तो फोन गेला नसता तर मदत निघायला किती उशीर झाला असता याचा अंदाज ‘रामदास’च्या दिवसावरून बांधता येतो. ज्या खाजगी संदेशाने १९१२ मध्ये धोक्याची सूचना अडवली होती, त्याच खाजगी संदेशाने शंभर वर्षांनी ती पोहोचवली. पुढे, २०२० नंतर, संकटकाळी कोठे जमायचे याची तालीमही काही कंपन्यांनी फोनवर आणली. पूर्वी या तालमीत फोन खिशात ठेवा असे बजावले जाई.

या इतिहासातून नेहमी वगळला जाणारा एक वर्ग आहे आणि गोवा-कोकणाशी त्याचे जवळचे नाते आहे. गोव्यातील तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा दर्यावर्दी, पिढ्यान्‌पिढ्या परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर स्वयंपाकघरापासून वाद्यवृंदापर्यंत कामे करत आला. मुंबईत त्याचा मुक्काम गावागावाच्या ‘कुडां’त, म्हणजे गाववाल्यांनी सामाईक चालवलेल्या निवासांत असे आणि घराशी त्याचा संबंध पत्राने राही. आजच्या क्रूझवरही त्याच्या आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या तरुणांच्या वाट्याला प्रवाशांहून वेगळी, बहुधा धीमी आणि स्वतःच्या पैशाने घेतलेली जोडणी येते, आणि बंदरात लागल्यावर फुकटचे वायफाय मिळणाऱ्या जागांपाशी खलाशांची गर्दी दिसते. प्रवासी मात्र त्याचा चेहरा न विचारता आपल्या चित्रफितीत टिपत असतो. एप्रिल २०२० मध्ये साथीच्या काळात ‘मरेला डिस्कव्हरी’वरचे शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी मुंबईला उतरले, तेव्हा अशा हजारो माणसांचा घराशी उरलेला एकमेव धागा फोन होता, हे प्रथमच सर्वांच्या लक्षात आले.

भारताच्या समुद्रात जहाजांवरील मोबाइल आणि इंटरनेट सेवेला डिसेंबर २०१८ च्या विमान व सागरी जोडणी नियमांनी परवानगी मिळाली; त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई–गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही प्रवासी बोट सुरू झाली होती आणि सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ची क्रूझ मुंबईहून निघू लागली. याच्या कितीतरी आधी, १ फेब्रुवारी १९९९ रोजी, लाल पट्ट्याच्या घड्याळाची कायदेशीर गरज संपली होती, कारण त्या दिवसापासून संकटाची हाक उपग्रह आणि स्वयंचलित यंत्रे ऐकू लागली. खलाशाच्या बोलण्याचा हक्क नियमात यायला त्यानंतर पंचवीस वर्षे लागली: सागरी कामगार कराराच्या २०२२ च्या दुरुस्तीने, शक्य तेथवर जहाजावरच्या कामगारांना इंटरनेट मिळावे आणि त्याचा आकार वाजवी असावा, असे ठरवले, आणि ती दुरुस्ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली आहे.